सिम्पोझियम : एकत्र पिण्यापासून परिसंवादापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॉलेजच्या सूचनाफलकावर ‘नॅशनल सिम्पोझियम’ असं लिहिलेलं असतं आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर कुणीतरी पाठवतं की या शब्दाचा मूळ अर्थ दारूची बैठक. मग विचारणा सुरू होते: हे खरं का, आणि खरं असेल तर असं झालं कसं? परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर.

१. सिम्पोझियम म्हणजे मुळात दारूची पार्टी, हे खरं आहे का?

खरं आहे, पण अर्धंच. प्राचीन ग्रीक भाषेतल्या ‘सिम्पोसिओन’चा अर्थ ‘एकत्र बसून पिणं’. पिणं म्हणजे वाइन. इथपर्यंत तो संदेश बरोबर आहे. ‘पार्टी’ म्हटल्यावर मात्र आपल्या डोळ्यांसमोर जो मोकाट गोंधळ येतो, तो या शब्दात बसत नाही. सिम्पोसिओनला जागा ठरलेली, क्रम ठरलेला, वाइनमध्ये पाणी किती घालायचं ते ठरलेलं आणि बोलण्या-गाण्याची पाळीही ठरलेली. गप्पा आणि कविता हा त्या पिण्याचाच भाग होता. हे लक्षात घेतलं तर शब्द पुढे विद्वानांच्या सभेपर्यंत कसा पोचला याचं नवल वाटत नाही (प्रश्न १० पाहा).

२. शब्दाची फोड कशी करायची?

‘सिन्’ म्हणजे सह, बरोबर. पुढे ‘प’ आला की त्याचा ‘सिम्’ होतो, आपल्याकडे ‘सम्’ + ‘गीत’चं ‘संगीत’ होताना अनुस्वाराचा उच्चार बदलतो तसाच. दुसऱ्या भागात ‘पिनेइन’, म्हणजे पिणे, या क्रियापदाचा धातू आहे. बरोबर पिणारा तो ‘सिम्पोटेस’ आणि त्यांची बैठक ती सिम्पोसिओन.

हा दुसरा भाग मराठी माणसाला परका नाही. ग्रीक ‘पिनेइन’, संस्कृत ‘पा – पिबति’, लॅटिन ‘बिबेरे’ आणि रशियन ‘पित्’ ही सगळी एकाच आदिम धातूची लेकरं. लॅटिनमध्ये ‘तो पितो’ला ‘बिबिट’ म्हणतात. ‘पिबति’ शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, नातं कानाला कळतं. आपलं ‘पिणे’, ‘पेय’, ‘पिपासा’ याच घरातलं, आणि ‘पानीय’वरून आलेलं ‘पाणी’सुद्धा. रशियन आणि चेक भाषांत बिअरला ‘पिवो’ म्हणतात, तेही इथलंच. इंग्रजी ‘पॉयझन’ हा शब्द लॅटिन ‘पोटिओ’, म्हणजे घोट किंवा पेय, यावरून फ्रेंचमार्गे आला. म्हणजे विषाचं नावही मुळात नुसतं ‘पिण्याची वस्तू’ असं होतं.

३. मग ‘पोझिशन’, ‘एम्पोरियम’, ‘सिम्फनी’ यांच्याशी नातं आहे का?

‘सिम्फनी’, ‘सिम्पथी’, ‘सिमेट्री’, ‘सिम्प्टम’ यांच्याशी आहे, पण फक्त पहिल्या ‘सिम्’पुरतं. ‘पोझिशन’ लॅटिनमधल्या ‘ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि ‘एम्पोरियम’ ग्रीकमधल्या ‘प्रवासी व्यापारी’ या अर्थाच्या शब्दावरून. दोन्हींत पिण्याचा संबंध नाही.

४. ग्रीक लोकांच्या सिम्पोझियममध्ये प्रत्यक्ष काय व्हायचं?

आधी जेवण. त्याला ‘देइप्नोन’ म्हणत, आणि ते सिम्पोझियमचा भाग नव्हे. जेवणं आटोपली की छोटी मेजं उचलली जात, जमीन झाडली जात असे, हात धुतले जात, डोक्यावर फुलापानांच्या माळा येत, अत्तर लावलं जाई. मग न मिसळलेल्या वाइनचा एक घोट ‘अगाथोस दाइमोन’ या शुभदेवतेच्या नावाने. देवांना वाइन वाहायची, एकत्र स्तोत्र म्हणायचं आणि त्यानंतर पिण्याला सुरुवात. प्रारंभ पूजेचा होता, हे विसरून चालत नाही. डायोनिसस हा वाइनचा देव त्यांच्या लेखी त्या वाइनमध्येच हजर असे.

जागा म्हणजे घरातली ‘आंद्रोन’, पुरुषांची बैठकीची खोली. भिंतींलगत पलंगासारखी आसनं मांडलेली, बहुतेकदा सात. एकेका आसनावर दोघं, डाव्या कोपरावर रेलून, उजवा हात प्याल्यासाठी मोकळा. उत्तर ग्रीसमधलं ओलिन्थस हे शहर मॅसिडोनियाच्या फिलिपने इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलं. तिथल्या उत्खननात अशा खोल्या मिळाल्या आहेत. त्यांचं दार भिंतीच्या मधोमध नसून एका बाजूला सरकवलेलं असतं, कारण आसनं ओळीने नीट बसायला हवीत. बांधणारा गवंडीसुद्धा सिम्पोझियम डोळ्यांपुढे ठेवून भिंत घालत होता.

रेलून पिण्याची ही रीत ग्रीकांनी पूर्वेकडून उचलली. असिरियाचा राजा अशुरबनिपाल बागेत मंचकावर रेलून पितो आहे असं निनवेचं शिल्प, साधारण इ.स.पू. ६४५ चं, आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राणी त्यात समोर खुर्चीवर ताठ बसलेली आहे.

सिम्पोझियमचं सगळ्यात सुंदर चित्र मला विचाराल तर पेस्टम या दक्षिण इटलीतल्या जुन्या ग्रीक वसाहतीतलं. १९६८ साली तिथे एक थडगं सापडलं, इ.स.पू. ५व्या शतकाच्या पूर्वार्धातलं. आतल्या चारही बाजूंना सिम्पोझियम रंगवलेलं आहे: कुणी गातो आहे, कुणी प्याला उंचावून खेळतो आहे, दोघं एकमेकांकडे टक लावून आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्यात सूर मारणारा एकटा तरुण. मृताच्या सोबतीला द्यायला ग्रीक माणसाला ही बैठक योग्य वाटली.

५. वाइनमध्ये पाणी का घालत? परवडत नव्हती म्हणून?

नाही. श्रीमंतही घालत. निव्वळ वाइन पिणं हे त्यांच्या मते रानटी लोकांचं लक्षण होतं. खोलीत मोठं, रुंद तोंडाचं भांडं ठेवलेलं असे आणि त्यात सगळ्यांसाठी एकदाच मिश्रण होई. हेसिऑड हा कवी तीन भाग पाण्याला एक भाग वाइन सांगतो. अनाक्रेऑन एका कवितेत दहा पळ्या पाणी आणि पाच पळ्या वाइन मागतो आणि सोबत्यांना बजावतो की सिथियन लोकांसारखं (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांसारखं) आरडाओरडा करत पिऊ नका, चांगल्या गाण्यांबरोबर घोट घोट घ्या. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याची गोष्ट नोंदवली आहे: स्पार्टाचे लोक म्हणत, राजा वेडा झाला तो सिथियन पाहुण्यांच्या संगतीत बिनपाण्याची वाइन प्यायला लागल्यामुळे. स्पार्टात कडक वाइन हवी असेल तर ‘सिथियन ओत’ म्हणायची पद्धत पडली.

सगळ्यांचं मिश्रण एकाच भांड्यात, याचा एक परिणाम असा की सर्वांना सारखीच वाइन मिळे. कुणाला कडक, कुणाला पातळ असं नाही. माझ्या मते सिम्पोझियमचा आत्मा इथे आहे.

त्या भांड्याचं नाव ‘क्रातेर’, मिसळण्याचं पात्र. ज्वालामुखीच्या मुखाला आणि उल्केच्या आघाताने पडलेल्या खड्ड्याला ‘क्रेटर’ म्हणतात तो हाच शब्द, आकारावरून गेलेला. बुलढाण्यातल्या लोणारच्या विवराची माहिती वाचताना ‘क्रेटर’ दिसला की त्यामागे ग्रीकांचं हे वाइनचं भांडं आहे.

६. किती प्यायचं हे कोण ठरवायचं?

जमलेल्यांपैकी एकाला त्या रात्रीचा प्रमुख नेमत. त्याला ‘सिम्पोसिआर्खोस’ किंवा सरळ ‘राजा’ म्हणत. पाण्याचं प्रमाण, प्याल्यांचा आकार आणि फेऱ्या तो ठरवी.

मर्यादेचं उत्तम वर्णन इ.स.पू. ४थ्या शतकातल्या युबूलस या नाटककाराच्या उरलेल्या एका तुकड्यात आहे. त्यात डायोनिसस स्वतः सांगतो की शहाण्यांसाठी मी तीनच क्रातेर मिसळतो: पहिला आरोग्याचा, दुसरा प्रेमाचा आणि आनंदाचा, तिसरा झोपेचा. तिसरा रिकामा झाला की शहाणा पाहुणा घरी जातो. चौथा माझा नव्हे, तो उद्धटपणाचा. पाचवा आरडाओरड्याचा, सहावा रस्त्यावरच्या धिंगाण्याचा, सातवा काळ्यानिळ्या डोळ्यांचा, आठवा कोर्टाच्या बोलावण्याचा, नववा पित्ताचा, दहावा वेडाचा. वाइनच्या देवाच्याच तोंडी हा हिशोब घातला आहे.

प्लेटोने उतारवयात ‘नियम’ हा ग्रंथ लिहिला, त्यात तर वयाची अट आहे. अठराच्या आत वाइन अजिबात नाही, तिशीपर्यंत बेतानेच आणि चाळिशीनंतर मोकळेपणाने. शिवाय पिणाऱ्यांवर नजर ठेवायला न प्यालेला प्रमुख हवा, असं तो आग्रहाने सांगतो.

७. नुसतं पीत बसायचे की आणखी काही?

पुष्कळ काही. ‘स्कोलिओन’ नावाची गाणी होती. मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी हातोहात फिरे आणि ती ज्याच्याकडे येई त्याने पुढची ओळ किंवा पुढचं गाणं म्हणायचं. अंताक्षरीच्या घरात वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कोडी असत, एकमेकांना कशाकशाची उपमा द्यायचा खेळ असे.

‘कोत्ताबोस’ हा खास वाइनचा खेळ सिसिलीतून आला. प्याल्याच्या कानात बोट अडकवून तळाशी राहिलेला गाळ झटक्याने फेकायचा आणि उंच दांडीवर तोललेली चकती पाडायची. ती खाली आदळून खणखणली की जिंकलं. फेकताना आवडत्या व्यक्तीचं नाव घ्यायची पद्धत होती.

सोबत ‘औलोस’ वाजे. मराठी पुस्तकांत याचं भाषांतर बहुधा बासरी असं असतं. ते बदलायला हवं. औलोसला पत्ती असते आणि दोन नळ्या एकाच वेळी वाजवतात. आवाजाने आणि जातीने तो सनईला जवळचा.

८. बायकांना जागा होती का?

घरच्या बायकांना नव्हती. नागरिकांच्या पत्नी आणि मुली सिम्पोझियमला बसत नसत. ज्या स्त्रिया असत त्या हेटायरा, म्हणजे मोबदला घेऊन सोबत करणाऱ्या, अथवा औलोस वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या. त्यांतल्या अनेकजणी गुलाम होत्या. वाइन ओतणारी मुलंही गुलाम. अथेन्समध्ये वादक मुलींची बिदागी दोन ड्रॅक्मांहून जास्त होऊ नये यावर नगराचे अधिकारी लक्ष ठेवत, आणि एकीसाठी दोन गिऱ्हाइकं भांडू लागली तर चिठ्ठ्या टाकत. मुलीला विचारायची सोय त्या नियमात नाही. प्रश्न ५ मध्ये ज्या समतेचं कौतुक केलं ती आसनांवर रेललेल्यांपुरतीच होती, हे त्याबरोबर सांगितलं नाही तर या शब्दाचा इतिहास खोटा होतो.

९. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये सगळे फक्त तत्त्वज्ञान बोलतात. मग पिण्याचं काय?

त्या संवादात पिणं जागोजागी आहे. प्रसंग इ.स.पू. ४१६ चा. अगाथोन या तरुण शोकनाटककाराने लेनाइया उत्सवात पहिलं बक्षीस मिळवलं आणि त्याच्या घरी मित्र जमले. आदल्या रात्री सगळ्यांनी इतकी घेतली आहे की अजून उतरलेली नाही. म्हणून ठरतं की आज सक्ती नको, ज्याने त्याने झेपेल तेवढीच घ्यावी. एरिक्सिमाखोस वैद्य आहे, तो अतिमद्यपान शरीराला वाईट असं सांगून घेतो. औलोस वाजवणारीला बाहेर पाठवतात आणि एकेकाने प्रेमदेवता इरॉसची स्तुती करायची असं ठरतं. भाषणं डावीकडून उजवीकडे, बसल्या क्रमाने. मध्येच अॅरिस्टोफेनीस या विनोदी नाटककाराला उचकी लागते म्हणून त्याची पाळी वैद्य घेतो.

सॉक्रेटिसचं बोलणं संपतं न संपतं तोच अल्सिबिआदीस हा अथेन्सचा राजकारणी झिंगून दारात येतो, डोक्यावर माळांचा ढीग, आणि स्वतःलाच पिण्याचा प्रमुख नेमतो. नंतर आणखी टोळकं घुसतं, शिस्त संपते आणि सगळ्यांना भरपूर प्यावी लागते. पहाटे जागे असतात तिघंच: सॉक्रेटिस, अगाथोन आणि अॅरिस्टोफेनीस. शोकनाटक लिहिणाऱ्याला सुखात्मही लिहिता आलं पाहिजे, हे सॉक्रेटिस दोघांना पटवत असतो. दोघं झोपी जातात, तो उठून आंघोळीला निघून जातो. युबूलसने मोजलेले सगळे क्रातेर (प्रश्न ६) या एका रात्रीत जवळजवळ क्रमाने भेटतात, म्हणून तो संवाद प्रेमाइतकाच पिण्याबद्दलचाही आहे असं मी मानतो.

१०. मग हा शब्द कोरड्या परिषदेला कसा लागला?

याच संवादामुळे. इंग्रजीत शब्द लॅटिनमार्गे १६व्या शतकाच्या अखेरीस आला. युरोपातल्या शिकलेल्या माणसाला तो मुख्यतः प्लेटोच्या ग्रंथाचं नाव म्हणून माहीत होता. ग्रंथ आठवायचा तो भाषणांसाठी: एक विषय, अनेक वक्ते, प्रत्येकाची वेगळी बाजू. १८व्या शतकात ‘पीतपीत विद्वत्तेच्या गप्पा’ असा अर्थ होता, पुढे पिणं गळलं आणि १९व्या शतकात एकाच विषयावर अनेकांनी लिहिलेल्या लेखांच्या संग्रहालाही सिम्पोझियम म्हणू लागले. आजचा अर्थ त्याच ओळीतला.

११. रोमन लोकांनीही हाच शब्द वापरला का?

रीत घेतली, नाव बदललं. त्यांचा शब्द ‘कॉन्व्हिव्हिअम’, एकत्र जगणं. सिसेरो या रोमन वक्त्याने वार्धक्यावरच्या आपल्या निबंधात म्हटलं आहे की ग्रीक लोक मित्रांच्या मेळाव्याला एकत्र पिणं किंवा एकत्र जेवणं म्हणतात, आपलं ‘एकत्र जगणं’ हे नाव अधिक चांगलं. रोमन मेजवानीत घरच्या स्त्रियाही असत. त्या बाबतीत तरी सिसेरोचा अभिमान रास्त.

१२. अलेक्झांडरच्या पिण्याच्या स्पर्धेत माणसं मेली आणि त्याला भारतीय कारण होतं, असं वाचलं. खरं का?

प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने खारेस या अलेक्झांडरच्या दरबारी इतिहासकाराच्या हवाल्याने ही हकीकत दिली आहे. तक्षशिलेहून अलेक्झांडरबरोबर गेलेला कॅलानस हा भारतीय तपस्वी इराणात आजारी पडला आणि इ.स.पू. ३२४ च्या सुमारास त्याने स्वतःहून चितेवर देह ठेवला. त्यानंतर अलेक्झांडरने बिनपाण्याची वाइन पिण्याची पैज लावली. प्रोमाखोस नावाचा माणूस चार ‘खोएस’, म्हणजे साधारण तेरा लिटर, प्यायला, मुकुट जिंकला आणि तिसऱ्या दिवशी मेला. बाकीच्यांपैकी एकेचाळीस जणही दगावले. भारतीयांना वाइन आवडते म्हणून ही स्पर्धा ठेवली, असं कारण खारेस देतो. ते कारण मॅसिडोनियन दरबारातल्या एका ग्रीक माणसाचं आहे. कॅलानसच्या तपस्येशी त्याचा मेळ बसत नाही.

याला सिम्पोझियम मात्र म्हणू नये. पाणी नाही, पाळी नाही, संभाषण नाही. मॅसिडोनियन दरबारातलं पिणं वेगळंच होतं. इ.स.पू. ३२८ मध्ये समरकंदला अशाच एका रात्री अलेक्झांडरने क्लाइटस या आपल्या जुन्या सरदाराला भाल्याने मारलं. त्याच क्लाइटसने पूर्वी रणांगणात त्याचा जीव वाचवला होता.

१३. संस्कृतात असा शब्द होता का?

एक नव्हे, दोन. अमरकोशात ‘आपानं पानगोष्ठिका’ असं येतं, सुरा आणि किण्व (यीस्ट) यांच्या शब्दांलगत. कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिकाच्या, जीवनक्रमात एकमेकांच्या घरी भरणारी ‘आपानकं’ सांगितली आहेत. ‘पानगोष्ठी’तली ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक, संभाषण. आपली ‘गोष्ट’ तीच. आणि हिंदीत आज सिम्पोझियमला काय म्हणतात? ‘संगोष्ठी’. पिणाऱ्यांच्या आणि विद्वानांच्या बैठकीला एकच शब्द, हे इकडेही घडलं, आणि ग्रीकांना न विचारता घडलं.

दुसरा शब्द ‘सपीति’, सहपान. ‘पीति’ आणि ‘पोसिओन’ एकाच धातूचे. पहिला भाग मात्र वेगळा: संस्कृत ‘स’ आणि ग्रीक ‘सिन्’ यांचा अर्थ जुळतो, कूळ जुळत नाही.

१४. ‘सपीतिश्च मे’ तर रुद्राच्या चमकात आहे. तिथे दारू मागितली आहे का?

लघुरुद्र ऐकलेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. चमकाच्या चौथ्या अनुवाकात ‘घृतं च मे मधु च मे सग्धिश्च मे सपीतिश्च मे’ असं आहे. सग्धि म्हणजे सहभोजन, सपीति म्हणजे सहपान. आधी दूध, रस, तूप, मध. नंतर शेती आणि पाऊस. मागणं आहे ते आपल्या माणसांसह खायला-प्यायला मिळावं याचं. दारूचा उल्लेख नाही. अमरकोशातही ‘सपीति’ भूक, तहान, घास यांच्या शेजारी ‘वैश्यवर्ग’ या प्रकरणात आहे. मद्याचे शब्द आणि ‘पानगोष्ठिका’ ‘शूद्रवर्ग’ या प्रकरणात. कोशकाराने दोन्ही पिणी वेगळी ठेवली आहेत. ग्रीक शब्द जवळचा असला तरी त्याची वाइन या मंत्रात ओतू नये.

१५. निमंत्रणपत्रिकेत मराठीत काय लिहावं, आणि ‘सिम्पोझियम’ लिहायचंच तर कसं?

एका विषयावर तीन-चार वक्ते आणि एक अध्यक्ष असेल तर ‘परिसंवाद’. साहित्य संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत हाच शब्द असतो आणि तो सगळ्यांना कळतो. निबंधवाचन आणि त्यावर चर्चा असेल तर ‘चर्चासत्र’, मोठा आवाका असेल तर ‘परिषद’, हाताने काम करून शिकायचं असेल तर ‘कार्यशाळा’. अभियांत्रिकी कॉलेजांत स्पर्धा, प्रदर्शन आणि भाषणं एकत्र करून त्याला सिम्पोझियम म्हणतात. तिथे ‘परिसंवाद’ लिहिलंत तर येणाऱ्याची फसगत होईल, त्यापेक्षा रूढ शब्दच ठेवा.

लिहिताना ‘सिम्पोझियम’ आणि ‘सिंपोझियम’ दोन्ही चालतात, एका पत्रिकेत एकच वापरा. अनेकवचन मराठीत ‘दोन सिम्पोझियम’ असंच करावं. ‘सिम्पोझिया’ हे लॅटिन वळण इंग्रजीत ठीक, मराठी वाक्यात अडखळतं.